राकोत्सीची खुर्ची

पाचशे फोरिंटची नोट मी पहिल्यांदा नीट पाहिली ती बुडापेस्टच्या मंडईत, चेरीवाल्याला पैसे देताना. लेकीकडे येऊन चारच दिवस झाले होते आणि पाकिटात हजार-दोन हजारांच्या नोटा बघून उगाचच श्रीमंत वाटत होतं. नोटेवर लांब केसांचा, दाट मिशांचा एक भारदस्त माणूस होता.

"हा कोण गं?"

"राकोत्सी. तू ज्या रस्त्यावरून बसने स्टेशनला जातेस ना, तो याच्याच नावाचा. इथे बहुतेक गावात एक राकोत्सी रस्ता असतो. आपल्याकडे एमजी रोड असतो तसा."

घरी आल्यावर तिने थोडक्यात सांगितलं. फेरेन्त्स राकोत्सी दुसरा, जन्म १६७६, हंगेरीतला सगळ्यात मोठा जमीनदार, ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग बादशहाशी आठ वर्षं लढला, हरला, परागंदा झाला आणि तुर्कस्तानात वारला. मी मान डोलावत भाजी निवडत होते. मग ती म्हणाली, "शेवटची वर्षं तिथे सुतारकाम करायचा म्हणे. त्याने केलेली खुर्ची आहे कुठेतरी."

तोपर्यंत पेपरात डोकं घालून बसलेले हे एकदम म्हणाले, "कुठे आहे?"

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे लाकडाचं वेड पिढीजात. माझे सासरे, अण्णा, पोस्टातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी रंधा, पटाशी, करवत घेऊन गॅलरीत बसले. त्यांनी केलेला सागवानी चौरंग अजून आमच्या देवघरात आहे. एक पाय किंचित आखूड. त्याखाली घडी घालून ठेवलेलं पोस्टकार्ड तीस वर्षं तिथेच आहे, आणि सत्यनारायणाला गुरुजी चौरंग उचलतात तेव्हा ते जपून बाजूला काढायचं काम माझ्याकडे असतं. ह्यांनी निवृत्तीनंतर तीच हत्यारं पुन्हा बाहेर काढली. त्यामुळे राजाने केलेली खुर्ची म्हटल्यावर आमचा कार्यक्रम ठरला. मला किल्ले बघायचे होते, ह्यांना सांधे.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशी आवडली. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात. फेरेन्त्स राकोत्सी नाही, राकोत्सी फेरेन्त्स. शाळेच्या हजेरीपटावर आपण असायचो तसे. युरोपात हे एवढेच लोक असं लिहितात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. लेक म्हणाली, तिला ऑफिसात नाव सांगताना निदान एका बाबतीत तरी घरच्यासारखं वाटतं.

पहिला मुक्काम शारोशपाताक. बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून गाडी ईशान्येकडे जाते. सेरेंचनंतर टोकायच्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्या सुरू होतात, आणि मग बोद्रोग नदी सोबतीला येते. स्टेशनांच्या पाट्या वाचायचा मी नेटाने प्रयत्न केला. ओलासलिस्का जमलं. बोद्रोगकेरेस्तूर म्हणेपर्यंत गाडी पुढे गेली होती.

हे सगळे मळे एकेकाळी राकोत्सी घराण्याचे. इथली गोड वाइन राकोत्सीने फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट पाठवली आणि लुईने तिला 'वाइनांचा राजा आणि राजांची वाइन' म्हटलं, अशी गोष्ट प्रत्येक तळघराच्या दारात ऐकायला मिळते. खरं-खोटं लुईला ठाऊक. एक छोटा पेला मी घेतला. रंग पातळ काकवीचा, चव मनुका मधात भिजवल्यासारखी. वेलीवरच सुकून सुरकुतलेली, बुरशी धरलेली द्राक्षं एकेक करून वेचायची, साधारण पंचवीस किलोच्या पाठीवरच्या टोपलीने मोजायची आणि दुसऱ्या वाइनमध्ये भिजवायची, अशी ती करतात. हे पीत नाहीत, पण पिंप कसं बांधलंय ते बघण्यासाठी तळघरात पाऊण तास काढला.

शारोशपाताकचा किल्ला नदीकाठीच आहे. जुना चौकोनी बुरूज, त्याला 'तांबडा बुरूज' म्हणतात, आणि त्याला लागून नंतर बांधलेला वाडा. पाचशेच्या नोटेच्या मागच्या बाजूला हाच किल्ला छापलाय. ह्यांनी नोट समोर धरून बांधकाम ताडून पाहिलं. मला तिथली एक खोली लक्षात राहिली. कोपऱ्यातली, गोल, आणि छताच्या मधोमध दगडात एक गुलाब. गुलाबाखाली बोललेलं बाहेर जायचं नाही, असा युरोपात जुना संकेत. या गुलाबाखाली बादशहाविरुद्धच्या कटाची खलबतं झाली असं सांगतात.

कट राकोत्सीच्या जन्माआधीचा. सामील असलेल्यांत त्याचे वडील होते आणि आईचे वडील, क्रोएशियाचे सरदार पेटार झ्रीनी, हेही. कट फुटला. ३० एप्रिल १६७१ रोजी झ्रीनींचं डोकं व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाट गावात उडवलं गेलं. राकोत्सीच्या वडिलांना त्यांच्या आईने प्रचंड दंड भरून सोडवलं. त्या बाई कट्टर कॅथलिक, व्हिएन्ना दरबारी वजन असलेल्या. व्याही मेला, मुलगा वाचला, यात पैशाचा आणि धर्माचा वाटा किती हे ज्याचं त्याने ठरवावं.

वडील मात्र राकोत्सी चार महिन्यांचा असतानाच गेले. आई इलोना झ्रीनी हिने पुढे इम्रे थोकोली या बंडखोर सरदाराशी लग्न केलं. तो मोहिमांवर, आणि ही मुंकाचच्या डोंगरी किल्ल्यात दोन मुलांना घेऊन. १६८५ ते १६८८ अशी दोन वर्षांच्या वर तिने बादशाही फौजेपुढे तो किल्ला लढवला. तटावर मुलांना घेऊन फिरायची म्हणतात. जानेवारी १६८८ मध्ये शरण जावं लागलं, आणि तिला मुलांसकट व्हिएन्नाला नेलं. अकरा वर्षांचा फेरेन्त्स आईपासून तोडून बोहेमियातल्या जेझुइट शाळेत ठेवला गेला. शत्रूच्या घरात वाढवून शत्रूचा माणूस करायचा. हे वाचताना मला येसूबाई आणि शाहू आठवल्याशिवाय कसे राहतील? रायगड पडला तो पुढच्याच वर्षी, १६८९ ला. दोन्ही बादशहांना एकमेकांचा पत्ताही नसेल, पण डोकं एकाच दिशेने चाललं.

मुंकाच आज युक्रेनमध्ये आहे. तिथे जायचा विचार आम्ही सोडून दिला, युद्ध चालू असताना कसं जाणार?

किल्ल्याच्या अंगणात बसून आम्ही लांगोश खाल्ला. भटुऱ्याचा थोरला भाऊ समजा, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. शाकाहारी माणसाला हंगेरीत तारणारी गोष्ट. तिथेच मी ह्यांना तुरुंगातून पळाल्याची गोष्ट वाचून दाखवली, आणि मला वाटतं याच गोष्टीने मला या माणसात खरं गुंतवलं.

राकोत्सी मोठा झाला, जर्मन राजकन्येशी लग्न केलं, आपल्या जहागिरीवर परतला. सुरुवातीला तो बंडाच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. १६९७ मध्ये याच टोकायच्या टेकड्यांत शेतकऱ्यांनी उठाव केला आणि त्याला पुढारी करायला आले, तेव्हा हा थेट व्हिएन्नाला पळाला, आपण निर्दोष आहोत हे दाखवायला. पण कर, सैन्याची लूट आणि शेजारच्या बेरचेनी नावाच्या सरदाराची संगत यांनी हळूहळू मन बदललं. १७०० मध्ये त्याने चौदाव्या लुईला मदतीसाठी पत्र लिहिलं. पत्र नेणारा कॅप्टनच फितूर निघाला. एप्रिल १७०१ मध्ये राकोत्सीला पकडून नेलं ते वीनर नॉयश्टाटच्या तुरुंगात, जिथे आजोबांना ठेवलं होतं तिथेच.

पुढे काय होणार हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याची बायको शार्लोट हिने पहाऱ्यावरच्या प्रशियन कॅप्टनला, गॉटफ्रीड लेमनला, वश केलं. ७ नोव्हेंबर १७०१ च्या संध्याकाळी राकोत्सी एका साध्या घोडदळ शिपायाच्या वेशात फाटकातून बाहेर पडला आणि मजल दरमजल पोलंडला पोचला. लेमन मात्र सापडला. त्याला देहान्त शासन झालं.

राकोत्सीचे पुतळे गावोगाव आहेत. बुडापेस्टच्या संसदेसमोर तो घोड्यावर बसलाय. लेमनचा पुतळा मला कुठे दिसला नाही, दिसला असता तर मी फुलं वाहिली असती. हे म्हणाले, "त्याने पैसे घेतले असतील." घेतलेही असतील. पैसे घेणारे पुष्कळ असतात, जीव जाईपर्यंत टिकणारे थोडे.

दुसऱ्या दिवशी जन्मगाव. बोर्शी. आता त्याचं नाव बोर्शा, आणि ते स्लोव्हाकियात. शातोरायाउयहेय नावाच्या गावापर्यंत आम्ही रेल्वेने गेलो (हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले, म्हणून इथे मुद्दाम लिहिते). हे गाव १९२० साली दोन देशांत कापलं गेलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला आणि इथली सरहद्द रोन्यवा नावाच्या नदीवर ठरली. नदीतून जहाजं चालतात असं तहाच्या टेबलावर सांगितलं होतं म्हणे. आम्ही पुलावर उभं राहून खाली पाहिलं. आमच्या सोसायटीमागचा ओढा ऑगस्टात याहून मोठा असतो. एक बदक घोटाभर पाण्यात चालत होतं, पोहत नव्हतं.

पूल ओलांडला की स्लोव्हाकिया. ना चौकी, ना शिक्का. पलीकडच्या पाटीवर अक्षरांच्या डोक्यावरची चिन्हं बदलली एवढंच. टॅक्सी करून बोर्शाला गेलो. वाडा नुकताच डागडुजी करून पांढराशुभ्र केलाय, इतका की जुना वाटतच नाही. आई प्रवासात असताना इथे २७ मार्च १६७६ ला बाळंत झाली. टॅक्सीवाला हंगेरियन बोलणारा होता. लेकीने शिकवलेली चार वाक्यं मी वापरली आणि त्याने मला उत्तरादाखल चाळीस ऐकवली. त्यातला 'राकोत्सी' हा शब्द तेवढा कळला, आणि त्याने छातीवर ठेवलेला हात.

या भागातून फिरताना मला त्या युद्धाबद्दल जे वाटत गेलं ते इथेच सांगून टाकते, कारण बाकी लढाया मी तुम्हाला सांगणार नाही.

१७०३ मध्ये पोलंडात लपलेल्या राकोत्सीकडे जे आले ते सरदार नव्हते. कुळं आले, वेठबिगार आले, मिठाचे व्यापारी आणि पळालेले शिपाई आले. त्याने निशाणं पाठवली, त्यावर लॅटिनमध्ये 'देवासह, देशासाठी आणि स्वातंत्र्यासाठी'. जूनमध्ये तो सरहद्दीवर आला तेव्हा समोर उभी होती ती फाटक्या कपड्यांतली, काठ्या-कोयत्यांची गर्दी. देशातला सगळ्यात मोठा जमीनदार जमीनदारांना वैतागलेल्या लोकांचा सेनापती झाला. ऑगस्टमध्ये त्याने फर्मान काढलं की जो कूळ लढेल त्याला आणि त्याच्या घरच्यांना सारा आणि वेठ माफ. मग सरदार बिथरले, कारण कुळं गेली तर नांगर कोण धरणार? सरदारांशिवाय तोफा, पैसा, अधिकारी मिळेनात, आणि कुळांशिवाय लढायला माणसं. आठ वर्षं तो या दोन दोरांवर पाय ठेवून चालला. तेवढं चालला याचंच मला आश्चर्य वाटतं.

बाकीचं नशिबाने केलं. १७०४ च्या ऑगस्टमध्ये ब्लेनहाइमला फ्रेंच आणि बव्हेरियन फौजेचा धुव्वा उडाला आणि फ्रेंच सैन्य येऊन मिळण्याची आशा संपली. चांदी संपली म्हणून त्याने तांब्याची नाणी पाडली, त्यावर 'स्वातंत्र्यासाठी' असं कोरलेलं, आणि बाजारात ती कोणी घेईना. १७०७ मध्ये ओनोदच्या सभेत हाब्सबुर्गांचं राज्यच अमान्य केलं. पुढच्या वर्षी, ३ ऑगस्ट १७०८ ला, त्रेंचेनच्या लढाईत एका चरावरून उडी मारताना घोडा कोसळला, राकोत्सी बेशुद्ध पडला, राजा मेला अशी आवई उठली आणि सैन्य उधळलं. आवईने हरलेल्या लढाया आपल्यालाही ठाऊक आहेत. मग प्लेगची साथ. १७११ मध्ये तो झारची मदत मागायला पोलंडात गेलेला असताना त्याचाच सेनापती कारोयी याने सत्मारला तह केला. मायतेनच्या माळावर निशाणं जमिनीत रोवली गेली. कारोयीला हंगेरियन लोक आजही एकमताने शिव्या देत नाहीत. काही म्हणतात, त्याने दगा दिला, काही म्हणतात, त्याने देश वाचवला. तहात राकोत्सीला माफी होती, जमिनीही परत मिळाल्या असत्या. बादशहाशी निष्ठेची शपथ तेवढी घ्यायची. त्याने घेतली नाही.

ह्यांनी इथे पहिल्यांदा त्याची बाजू घेतली. "एवढी जमीन सोडली?" एकेक गुंठ्यासाठी कोर्टात गेलेल्या घरातला माणूस हे विचारतो तेव्हा तो आदरच असतो.

बोर्शाहून परत येऊन सरहद्दीजवळच्या स्टेशनवरून कोशित्सेची गाडी धरली. हंगेरियन लोक या शहराला काश्शा म्हणतात. मोठा रस्ता मधूनच रुंद होत जातो आणि त्याच्या मधोमध सेंट एलिझाबेथचं कॅथेड्रल उभं आहे. तळघरात उतरायला वेगळं तिकीट, अरुंद दगडी पायऱ्या. खाली थंडावा, मेणाचा वास आणि दगडी शवपेट्या. राकोत्सी, त्याची आई आणि थोरला मुलगा एकत्र. जवळच बेरचेनी आणि त्याची बायको. पेट्यांवर आणि भोवती सुकलेल्या फुलांची चक्रं, त्यांना लाल-पांढऱ्या-हिरव्या फिती, फितींवर सोनेरी अक्षरांत गावांची नावं. एका फितीची कड उसवून धागे लोंबत होते. एक आजीबाई आल्या, पर्समधून छोटी कात्री काढून त्यांनी ते धागे कापले, फीत सरळ केली आणि निघून गेल्या. त्यांना हे रोजचं असावं.

हा माणूस इथे आला १९०६ साली. त्याआधी पावणेदोन शतकं तो इस्तंबूलमध्ये होता, गलात्यातल्या जेझुइटांच्या चर्चमध्ये आईशेजारी. थडगं शोधून काढलं ते १८८९ मध्ये इतिहासकार काल्मान थायी याने. पण आणायचं तर कायद्याची अडचण. १७१५ च्या संसदेने राकोत्सीला देशद्रोही ठरवलं होतं आणि तो कायदा तसाच पुस्तकात होता. १९१ वर्षांनी नवा कायदा करून तो पुसला. परवानगी देणारा फ्रान्झ योझेफ, म्हणजे ज्या घराण्याविरुद्ध राकोत्सी लढला त्याच घराण्याचा बादशहा. रेल्वेच्या खास गाडीने अवशेष आले, बुडापेस्टला घंटा वाजल्या, आणि २९ ऑक्टोबरला इथे काश्शाला दफन झालं. मायदेशी, एकदाचा.

चौदा वर्षांत तो मायदेशच सरकला. १९२० ला काश्शा चेकोस्लोव्हाकियात गेलं. माणूस होता तिथेच पडून होता, आणि परत परदेशात.

खुर्ची कॅथेड्रलमध्ये नाही. ती जुन्या तटाच्या बुरुजाशेजारी एका घरात आहे, आणि घराचं नाव 'रोदोश्तो'. तुर्कस्तानातल्या ज्या गावात राकोत्सी शेवटची पंधरा वर्षं राहिला त्याचं हे जुनं नाव. मूळ घर तिकडे मोडकळीला आलं होतं तेव्हा त्यातलं कोरीव लाकूडकाम इकडे आणलं, आणि शहर काही वर्षांपुरतं पुन्हा हंगेरीकडे आलं तेव्हा, १९४० च्या सुमाराला, त्या घराची हुबेहूब नक्कल इथे उभारली. तुर्की पद्धतीचा, पुढे झुकलेला वरचा मजला, मध्य युरोपच्या तटाला टेकून. बघायला जरा चमत्कारिकच दिसतं. घाटावरचा वाडा उचलून सिमल्याला ठेवावा तसं.

राकोत्सीने घडवलेली म्हणून दाखवतात ती हातांची लाकडी खुर्ची तिथे होती. मी दोन मिनिटं पाहिली. ह्यांनी पंचवीस. आधी लांबून, मग दोरीला पोट टेकेल इतक्या जवळून, मग गुडघे दुखत असताना खाली वाकून. तिथल्या बाई उठून उभ्या राहिल्या. ह्यांनी खुणेने सांगितलं, मी पण करतो, रंधा मारायची नक्कल करून. बाई हसल्या आणि बसल्या.

"कशी आहे?" मी विचारलं.

"शिकलेला माणूस आहे. घाई केलेली नाही कुठे." आणि थोड्या वेळाने, "अण्णांना आवडली असती."

इथेच थांबलो असतो. पण परतीचं विमान इस्तंबूलवरून होतं आणि मधे तीन दिवस होते. लेक म्हणाली, "आता अर्धवट सोडू नका."

रोदोश्तोचं आजचं नाव तेकिरदा. इस्तंबूलहून मार्मारा समुद्राच्या काठाकाठाने पश्चिमेला बसने अडीच तास. बसमध्ये पोऱ्या येऊन हातावर लिंबाच्या वासाचं कोलन ओततो आणि कागदी कपात चहा देतो. तेकिरदा साधं गाव आहे, बंदर, कोफ्त्यांची दुकानं, संध्याकाळी समुद्रावर फिरणारी कुटुंबं. चढावरच्या गल्लीत ते घर. हंगेरी सरकारने विकत घेऊन पुन्हा बांधलेलं, आज राकोत्सीचं संग्रहालय. तळाला दगड, वर लाकूड, आणि वरच्या मजल्यावर समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्यांची रांग. हे राकोत्सीच्या पंगतीचं घर होतं, जेवणघर म्हणा. त्याच्या माणसांची बाकीची घरं आसपास होती, ती गेली.

फ्रान्समध्ये चार-पाच वर्षं तो लुईच्या आश्रयाला होता. लुई वारला आणि राकोत्सी एका मठाशेजारी जाऊन राहिला. मग ऑस्ट्रियाशी युद्धात गुंतलेल्या सुलतान तिसऱ्या अहमदने बोलावलं. १० ऑक्टोबर १७१७ ला तो गलिपोलीला उतरला तेव्हा सुलतानाचं युद्ध हरत चाललं होतं, आणि पुढच्या वर्षी तह झाला. आता याची कोणाला गरज नव्हती. तरी तुर्कांनी त्याला ऑस्ट्रियाच्या हवाली केलं नाही, तनखा दिला, आणि १७२० मध्ये इथे आणून ठेवलं.

इथला दिनक्रम आपल्याला कळतो तो केलेमेन मिकेशमुळे. हा ट्रान्सिल्व्हेनियातल्या झागोन गावचा तरुण, राकोत्सीच्या खासगीतला. त्याने कॉन्स्टँटिनोपलला राहणाऱ्या एका आत्याबाईंना २०७ पत्रं लिहिली. गंमत अशी की अशा आत्याबाई नव्हत्याच. कोणीतरी वाचतंय असं समजून तो एक्केचाळीस वर्षं लिहीत राहिला. तो सांगतो, पहाटे साडेपाचला ढोल वाजतो, सहाला दुसरा, मग प्रार्थना, कॉफी, चिलीम, पुन्हा ढोल, जेवण, पुन्हा प्रार्थना, रात्री आठला झोपायचा ढोल. मठातही एवढी शिस्त नसेल. राज्य नाही, फौज नाही, दरबाराला काम नाही, पण ढोल वेळेवर. आणि मधल्या वेळात राजा लाकूड तासतोय.

मला ते ढोल फार लागले. अण्णांचंही तेच होतं. निवृत्तीनंतरही सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीत हत्यारं घेऊन बसायचे, एकला डबा उघडायचे. डबा! स्वयंपाकघर सात पावलांवर, आणि सासूबाई रोज डबा भरून द्यायच्या.

८ एप्रिल १७३५, गुड फ्रायडेच्या पहाटे राकोत्सी गेला. काळीज फ्रान्सच्या मठात पाठवलं, देह इस्तंबूलला आईजवळ. बाकीचे एकेक करून मेले. मिकेशने म्हातारपणी घरी जायची परवानगी मागितली तेव्हा महाराणी मारिया तेरेझाचं लॅटिन उत्तर आलं, तुर्कस्तानातून सुटका नाही. १७६१ मध्ये तो इथेच प्लेगने गेला. रोदोश्तो मला आता इतकं आवडतं, की झागोन काही विसरता येत नाही, असं त्याने एका पत्रात लिहिलंय. हे वाक्य मी लेकीला वाचून दाखवलं नाही.

वरच्या दालनात रंगीत काचा, रंगवलेलं लाकडी छत, आणि इथेही एक खुर्ची. इथली नक्कल, तिथली मूळ. घर इथलं मूळ जागेवरचं, तिथलं नक्कल. मी हे ह्यांना समजावून सांगता सांगता स्वतःच गोंधळले. राखणदार आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी आम्हाला खिडकीशी नेलं, समुद्र दाखवला, मग बोट उत्तरेकडे वळवून लांबवर काहीतरी दाखवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "माजारिस्तान." हंगेरी.

नंतर खाली समुद्रकाठच्या चहाच्या बागेत बसलो. कमरेशी निमुळत्या काचेच्या ग्लासांत चहा आला. हे मोबाइलमधले दोन्ही खुर्च्यांचे फोटो आलटून पालटून मोठे करून बघत होते. मी फोटोंना नावं दिली नव्हती.

"यातली कोशित्सेची कुठली?"

"मागे बघा की. खिडकीत समुद्र दिसतोय ती इथली."

"दोन्हीत खिडकी बंद आहे."

बस चारची होती. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाजवळ नेला आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली.